आधी ओझे, मग सायकल

सायकल घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो किंमत किती चालेल हा आणि दुसरा, गिअरची हवी की साधी. रोज कामावर सायकलने जाणार असलेल्या माणसाला मात्र सगळ्यांत आधी विचारायला हवे की, तुम्ही बरोबर काय काय नेणार आहात? कोथरूडहून औंधला महाविद्यालयात शिकवायला जाण्यासाठी मी सायकल निवडली, तेव्हा मी याच प्रश्नापासून सुरुवात केली आणि पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्याच्या उत्तरातून निघत गेले. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ओळख होती, त्या पुण्यात आजही सायकलविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु ते बोलणे वेग, गिअर आणि किंमत यांपाशी थांबते. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी हौसेने सायकल घेऊन काही महिन्यांत ती जिन्याखाली लावून टाकली, त्यांपैकी बहुतेकांना अंतराने किंवा चढाने हरवले नव्हते. पाठीवरची सॅक, भिजलेली कागदपत्रे आणि हँडलला लटकणाऱ्या पिशव्या यांना ते कंटाळले होते.

म्हणून कोणत्याही दुकानात पाऊल टाकण्याआधी मी घरातले सामान वजनकाट्यावर ठेवले. चार्जरसह लॅपटॉप सव्वादोन किलो, जेवणाचा डबा पाऊण किलो, पाण्याची बाटली एक किलो, परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अडीच-तीन किलो, पावसाळी कपडे पाऊण किलो, कुलूप एक किलो आणि जादा ट्यूब, पाने व छोटा पंप मिळून अर्धा किलो, असे सगळे धरून साधारण नऊ किलो भरले. शिवाय परतताना भाजी, कधी पाच किलोंची पिठाची पिशवी, कधी दळण आणि सुट्टीच्या दिवशी खडकवासल्याच्या पुढे कुठे तरी जायचे असेल तर मुक्कामाचे कपडे, हेही त्याच सायकलवरून जायला हवे होते. दोन सायकली ठेवायला आमच्या इमारतीत जागा नाही आणि तशी गरजही मला वाटत नाही. एकाच सायकलने ही सगळी कामे करावीत, अशी माझी अट होती.

नऊ किलो पाठीवर घेऊन जाता येते, नाही असे नाही. पण सॅक पाठीवर असली की, तेवढे वजन खोगिरावर, म्हणजे सीटवर आणि मनगटांवर येते, शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळताना किंवा खड्डा चुकवताना वरचे धड जड वाटू लागते. मार्च-एप्रिलमध्ये सेनापती बापट रस्त्याचा चढ चढून चतुःशृंगीच्या बाजूला उतरेपर्यंत सॅकखालची पाठ पूर्ण ओली झालेली असते, आणि त्याच कपड्यांत वर्गावर उभे राहायचे असते. ओझे माणसाने वाहायचे नाही, सायकलच्या सांगाड्याने वाहायचे, हे एकदा मनाशी ठरले की, निवड पुष्कळ सोपी होते.

आता सायकली. जुन्या धर्तीची काळी, २८ इंची चाकांची सायकल मी सर्वांत आधी पाहिली, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. तिचा सांगाडा लांब असतो, मागचे चाक सीटपासून पुरेसे मागे असते, कॅरियर जाड लोखंडी पट्ट्यांचे असते आणि त्याला चिमटा असतो. कर्वेनगरातल्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जुन्या सायकली पाहताना हेच जाणवत होते की, माणूस आणि सामान दोन्ही वाहायचे आहे असे गृहीत धरूनच ही यंत्रे घडवलेली होती. दूधवाले कॅरियरच्या दोन्ही बाजूंना आकड्यांवर किटल्या अडकवतात आणि मुंबईचे डबेवाले कॅरियरपासून हँडलपर्यंत डबे लावून लोकल स्थानकापर्यंत जातात, ते याच सायकलच्या भरवशावर. मात्र तिचे वजन वीस किलोंच्या घरात जाते आणि तिला गिअर नसतो. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८ दात असलेली अशी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटर जाते. सपाटीवर हे सुखाचे असले तरी नऊ किलो सामानासह रोज चढ चढायचा तर गुडघ्यांना ते मानवत नाही.

पुढच्या बाजूला शॉकअप असलेली जाड टायरची डोंगरी सायकल दुकानदार सर्वांत आग्रहाने दाखवतात, कारण ती सर्वांत जास्त खपते. शॉकअपमुळे दीड-दोन किलो वजन वाढते, डांबरी रस्त्यावर पायांच्या जोरातला काही भाग त्या स्प्रिंगमध्ये मुरतो आणि पुढे कॅरियर बसवणे अवघड होते. रेसिंगच्या सायकलला बारीक टायर असतात, मागचे चाक सीटच्या अगदी जवळ घेतलेले असते आणि कॅरियरसाठी बहुधा छिद्रेच नसतात. घडीची सायकल बस किंवा रेल्वेने अर्धा प्रवास करणाऱ्यांसाठी उत्तम असली तरी तिची २० इंची चाके आपल्याकडच्या खड्ड्यांत जास्त आपटतात. अशा रीतीने मी हायब्रिड या प्रकारापाशी येऊन पोहोचले. सरळ हँडल, ७०० सी मापाची चाके, मध्यम रुंदीचे टायर आणि शॉकअप नसलेला साधा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुभागी दांडा, ही माझी अपेक्षा होती. पण हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच सायकली ओझ्याच्या कामाच्या नसतात, हे दुकानात वाकून पाहिल्यावर कळते.

दुकानात मी सायकलच्या मागे उकिडवी बसत असे आणि मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या वर, सांगाड्याच्या टोकाला, दोन्ही बाजूंना आटे पाडलेली छिद्रे आहेत का, ते पाहत असे. या छिद्रांत पाच मिलिमीटर जाडीचा बोल्ट बसतो. तिथे दोन जोड्या असतील तर उत्तम, कारण एकीत कॅरियर आणि दुसरीत मडगार्ड बसते. एकच जोडी असेल तर दोन्ही एकाच बोल्टवर लादावी लागतात आणि तो बोल्ट सतत सैल होतो. शिवाय सीटच्या खाली, जिथे मागच्या तिरप्या नळ्या मुख्य नळीला मिळतात, तिथेही छिद्रांची एक जोडी हवी. नवीन मॉडेलांपैकी काहींत ती जोडी सापडली नाही. एका दुकानातले वयस्कर मालक माझे हे निरीक्षण बराच वेळ पाहत होते. ते म्हणाले, "ताई, छिद्रं नसली तरी सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरियर मिळतं, पाच मिनिटांत लावून देतो." मी म्हटले, "काका, त्यावर वजन किती चालेल?" त्यांनी कॅरियर उलटे करून त्यावरचे चिकटपत्र वाचले आणि प्रामाणिकपणे सांगितले, "नऊ किलो. आणि खरं सांगायचं तर बाजूला पिशव्या लावल्या की ते फिरतं." अशा कॅरियरला खाली आधार नसतो, त्यामुळे ओझे एका बाजूला जास्त झाले की ते सीटच्या दांड्याभोवती वळते. सांगाड्याला खालून दोन पाय टेकलेले ॲल्युमिनियमचे कॅरियर मात्र साधारणपणे २५ किलोंसाठी बनवलेले असते. त्याच मालकांनी दुसरीही एक गोष्ट दाखवली. मागच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती आवळणारा भाग, काही सायकलींवर तिरप्या नळीच्या बाहेरच्या बाजूला असतो, आणि कॅरियरचा पाय नेमका तिथेच येतो. मग लांब बोल्ट आणि नळीचे तुकडे घालून पाय बाहेर ढकलावा लागतो आणि सगळा भार त्या लांब बोल्टवर पडतो. मी चाकाच्या कडेवर रबर दाबणारे साधे व्ही-ब्रेक असलेली सायकल निवडली, त्याचे हे एक कारण होते. दुसरे असे की त्यांचे रबर कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळते आणि ते बदलायला षटकोनी ऍलन पान्याशिवाय काही लागत नाही.

सांगाड्याच्या आकाराविषयी मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे. आडवी दांडी खाली उतरलेल्या सायकलला आपल्याकडे 'लेडीज सायकल' म्हणून बाजूला सारतात. पण मागे दोन भरलेल्या पिशव्या आणि वर गठ्ठा बांधलेला असताना पाय मागून फिरवून सीटवर बसणे कोणालाही कठीण जाते. अशा वेळी पुढून पाय सहज पलीकडे नेता येणे ही सोय सामान वाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे, मग तो पुरुष असो की स्त्री. नेदरलँड्समध्ये पुरुषही अशा सायकली वापरतात. दांडी अगदीच खाली असेल तर भरपूर ओझ्याने सांगाडा किंचित डोलतो, हे खरे आहे, म्हणून मी मध्यम उतरती दांडी असलेली घेतली. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. लहान सांगाड्यावर ७०० सी ची चाके असली की हँडल पूर्ण वळवताना पायाचा पंजा पुढच्या मडगार्डला लागण्याचा संभव असतो. म्हणून कमी उंचीच्या माणसाने पायडल आडवे ठेवून, हँडल दोन्ही बाजूंना वळवून हे दुकानातच पाहून घ्यावे.

तसाच प्रश्न मागे टाचेचा असतो. सायकल आखूड असली तर प्रत्येक फेऱ्यात टाच पिशवीला घासते. याची परीक्षा मी पुठ्ठ्याने केली. ज्या मापाची पिशवी वापरायची होती, म्हणजे सुमारे ३२ सेंटिमीटर रुंद आणि ३८ सेंटिमीटर उंच, त्या मापाचा खोक्याचा पुठ्ठा कापून मी दुकानात नेला, कॅरियरजवळ पिशवी जिथे येईल तिथे तो धरायला मुलाला सांगितला आणि सीटवर बसून पायडल उलटे फिरवले. पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचे अंतर ४४ सेंटिमीटरच्या आसपास असलेल्या सायकलवर टाच आणि पुठ्ठा यांमध्ये दोन बोटे जागा राहिली. ४२ सेंटिमीटरच्या सायकलवर टाच पुठ्ठ्याला लागली. पिशवी मागे सरकवून हा दोष घालवता येतो, परंतु वजन मागच्या एक्सलच्याही मागे गेले की चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल थरथरू लागते.

चाकांच्या मापात आपल्याकडे बराच घोटाळा आहे. ७०० सी चाकाच्या कडीचा, म्हणजे रिमचा, व्यास ६२२ मिलिमीटर असतो, आपल्या जुन्या २८ इंची सायकलचा ६३५ आणि २६ इंची डोंगरी सायकलचा ५५९. ७०० सी च्या काही टायरांवरही '२८' असे छापलेले असते, पण तो टायर जुन्या सायकलच्या चाकावर बसत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३८-६२२ असे दोन आकडे असतात, पहिला रुंदीचा आणि दुसरा कडीच्या व्यासाचा. दुकानदार काहीही म्हणो, खरेदी त्या आकड्यांवरून करावी. गावोगावी सहज मिळणाऱ्या २६ इंची टायरचा मोह मलाही पडला होता, पण माझा बहुतेक प्रवास शहरातला असल्याने मी ७०० सी मध्ये ३८ मिलिमीटर रुंदीचा टायर घेतला. २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर मोकळ्या सायकलला चालतो, ओझ्यासाठी मात्र हवेचा जाड थर हवा. नाही तर खड्ड्यात टायर कडीवर दबून ट्यूबला दोन चिरा पडतात. चाकाचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असलेला बरा, कारण मग कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. मागच्या चाकाला ३६ स्पोक असतील तर ३२ पेक्षा ते अधिक भरवशाचे, कारण ओझ्याचा सगळ्यांत मोठा वाटा त्याच चाकावर येतो.

गिअरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पुढे २८, ३८ आणि ४८ दातांची तीन चक्रे आणि मागे १४ ते २८ दातांची सात, एवढे मला पुरले. सर्वांत हलक्या जोडीत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते, म्हणजे काळ्या सायकलच्या निम्म्याहूनही कमी, आणि सामानासह चढावर तेवढेच लागते. मागे अकरा की बारा चक्रे आहेत, यापेक्षा सर्वांत मोठे चक्र किती दातांचे आहे, ते विचारावे.

सायकल ठरली आणि मग कॅरियरची पाळी आली. मी ॲल्युमिनियमचे घेतले, कारण ते हलके असते आणि पावसात गंजत नाही. ज्यांना लांबच्या, खेडोपाडीच्या प्रवासाला जायचे आहे, त्यांनी लोखंडी घ्यावे. ते मोडले तर कोणत्याही गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो, ॲल्युमिनियमचे तसे जोडता येत नाही. कॅरियरला वरच्या पट्टीच्या खाली आणखी एक दांडी असली तर पिशव्या त्या खालच्या दांडीवर अडकवता येतात. त्यामुळे वजन खाली राहते आणि वरची जागा गठ्ठ्यासाठी मोकळी मिळते. एवढ्या छोट्या फरकाने सायकलचे वागणे किती बदलते, याचा प्रत्यय रस्त्यावरच येतो.

पिशव्यांच्या बाबतीत परदेशी माल अतिशय चांगला आहे. जर्मनीत १९८२ मध्ये सुरू झालेल्या ऑर्टलीबच्या पिशव्या ट्रकच्या ताडपत्रीसारख्या कापडाच्या असतात, त्यांचे जोड शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवलेले असतात आणि तोंड गुंडाळून बंद होते, त्यामुळे आत पाणी जात नाही. परंतु त्या एका जोडीची किंमत माझ्या सायकलच्या किमतीच्या बरोबरीने जाण्यासारखी होती. तेव्हा मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून जाड ताडपत्री, नायलॉनच्या पट्ट्या आणि बकले आणली आणि सीटकव्हर शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्यांनी प्रथम विचारले की, "कॅरियरला अडकवायचे आकडे कशाला शिवू? ताडपत्रीला शिवले तर फाटतील." मग त्यांनीच सुचवले की, पिशवीच्या पाठीत कडक प्लास्टिकचा पत्रा घालावा आणि आकडे ताडपत्रीतून आरपार त्या पत्र्याला वॉशर लावून बोल्टने बसवावेत. पिशवीच्या खालच्या टोकाला एक रबरी पट्टा आणि त्याला छोटा आकडा लावला, तो कॅरियरच्या पायाला खाली अडकतो. तो नसेल तर प्रत्येक गतिरोधकावर पिशवी बाहेर फेकली जाते आणि स्पोकांवर आपटते. सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपते, म्हणून शिवणीवर त्यांनी आतून चिकटपट्टी लावली आणि मी लॅपटॉप व कागद आणखी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. जुलैच्या धो धो पावसातही उत्तरपत्रिका कोरड्या राहतात, आणि त्यांच्या बाबतीत मला कोणतीही तडजोड मान्य नाही. या पिशव्यांना दोन वेळा दुरुस्ती लागली, ती त्याच कारागिरांनी केली. हा लाभ आयात केलेल्या पिशवीत मिळाला नसता.

पिशव्या भरण्याचीही एक पद्धत आहे. जड वस्तू तळाशी आणि सीटकडच्या बाजूला, हलक्या वस्तू वर आणि मागे. लॅपटॉप उभा, सायकलच्या बाजूच्या पाठीला लागून ठेवावा, मात्र तो पिशवीच्या तळाला टेकू देऊ नये. मी त्याचे जाड आवरण आतल्या पट्टीला टांगते, म्हणजे खड्ड्याचा दणका थेट कोपऱ्यावर बसत नाही. दोन्ही बाजूंच्या वजनात किलो-दीड किलोचा फरक जाणवत नाही, पण एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर सायकल हातात धरून चालताना ती कलंडू पाहते. एकच पिशवी न्यायची असेल तर ती मी डावीकडे लावते, कारण उजवीकडून जवळून जाणाऱ्या रिक्षांपासून ती दूर राहते. भाजीच्या दिवशी बटाटे-कांदे खाली, दोन्हींकडे वाटून, पालेभाजी वर, आणि कॅरियरच्या वरच्या पट्टीवर जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्याने बांधलेली पिठाची पिशवी, असे चौदा-पंधरा किलो सामान सहज येते. ट्यूबचा पट्टा बंजीपेक्षा, म्हणजे आकडेवाल्या लवचीक दोरीपेक्षा, घट्ट आवळतो आणि त्याचे टोक तोंडावर उसळत नाही.

पुढच्या बास्केटचा उपयोग मर्यादित आहे. हँडलला आवळलेल्या बास्केटमधले ओझे हँडलबरोबर फिरते, त्यामुळे दोन किलोंच्या पुढे ते वळण बिघडवते. रेनकोट, ओढणी, मोसंबीची पिशवी एवढ्यासाठी ते ठीक आहे. दळण त्यात घालू नये.

मागे पिशव्या लावल्या की आणखी काही गोष्टी बदलाव्या लागतात, ज्यांचा विचार कोणी आधी करत नाही. सीटच्या दांड्यावरचा लाल दिवा कॅरियरवरच्या गठ्ठ्यामागे झाकला जातो, म्हणून तो कॅरियरच्या मागच्या टोकाला बसवावा. तिथे त्यासाठी दोन छिद्रे असलेली पट्टी असते. एका पायाच्या तिरक्या स्टँडवर भरलेली सायकल उभी राहत नाही, म्हणून मी मधोमध बसणारा दोन पायांचा स्टँड बसवून घेतला. मडगार्ड पूर्ण लांबीचे हवे, कारण तोकड्या मडगार्डमधून उडणारा चिखल थेट पिशव्यांच्या पाठीवर आणि आकड्यांत साचतो. आणि ब्रेक आधीपासून लावावा लागतो. चतुःशृंगीकडच्या उतारावर पंधरा किलो जास्त असताना सायकल मोकळ्या सायकलच्या जागी थांबत नाही.

नवीन कॅरियरचे बोल्ट पहिल्या आठवड्यात हमखास सैल होतात, कारण रंगाचा थर दबतो. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर आणि पुढे महिन्याला एकदा चारही बोल्ट पान्याने तपासावेत, खाली स्प्रिंग वॉशर घालावेत आणि एक जादा बोल्ट पिशवीच्या कप्प्यात ठेवावा. ओझे सुरू झाल्यावर मागचे चाक लवकर वेडेवाकडे फिरू लागते. ब्रेकचे रबर एका जागी घासायला लागले की, उशीर न करता चाकाचा आऊट काढून, म्हणजे स्पोक आवळून चाक सरळ करून घ्यावे, नाही तर एक स्पोक तुटतो आणि त्याच्या शेजारच्यांवर ताण येऊन तेही तुटू लागतात. माझ्या मेकॅनिकने पहिल्या पावसाळ्यानंतर सगळे स्पोक एकदा आवळून दिले. त्यानंतर त्या चाकाला फारसा हात लावावा लागलेला नाही.